ऑफ-रोड गाडीसाठी ऑटोमॅटिक की मॅन्युअल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या आणि ती घेऊन सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्या वाचकांकडून गिअरबॉक्सविषयी सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत आणि पुढे अपवादाचे, अडचणीचे प्रश्न येतात. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे सविस्तर दिले असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक नोंदवला आहे. बहुतेक उत्तरांत गाडीला लो रेंज (चाके सावकाश पण जास्त जोराने फिरवणारा जादा गिअर) आहे असे गृहीत धरले आहे. ज्यांच्या गाडीला ती नाही त्यांनी प्रश्न ३ आधी वाचावा.

१. ऑफ-रोडच्या दृष्टीने मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांत नेमका फरक काय?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. क्लच पूर्ण सोडला की दोन्ही एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि चाकांचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधला जातो. रूढ ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत, हे काम तेल करते. इंजिनाकडचे पाते तेल फिरवते आणि ते तेल गिअरबॉक्सकडचे पाते फिरवते. त्यामुळे ब्रेक दाबून गाडी उभी केली तरी इंजिन बंद पडत नाही आणि उभ्या अवस्थेतून निघताना कन्व्हर्टर इंजिनाचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढवून चाकांकडे पाठवतो.

ऑफ-रोडिंगमधले जवळजवळ सगळे फायदे-तोटे या एका फरकातून निघतात. तेलाची जोडणी लवचिक असल्याने चढावर आणि खडकावर ती सोयीची ठरते; क्लचची जोडणी पक्की असल्याने उतारावर ती अधिक भरवशाची ठरते. म्हणून निवड करताना ‘कोणता गिअरबॉक्स चांगला’ असे विचारण्याऐवजी आपल्या वाटेवर चाकांचा वेग कोणाच्या हाती असायला हवा हे आधी ठरवावे.

२. खरे ऑफ-रोडिंग मॅन्युअलमध्येच, असे जुनेजाणते सांगतात. त्यात तथ्य किती?

ते ज्या गाड्यांवर शिकले त्या गाड्यांपुरते पूर्ण तथ्य आहे. महिंद्राने १९४७ मध्ये भारतात विलीज जीपची जुळणी सुरू केली तेव्हा तिला तीन गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स होता. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी शेवटपर्यंत मॅन्युअलच राहिली. गोव्यात पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेतही अनेक जण जुन्या जीप आणि जिप्सी बदल करून उतरवतात. ज्या पिढीने ऑटोमॅटिक फोर बाय फोर पाहिलीच नाही, तिने मॅन्युअलला मत द्यावे यात नवल नाही.

मात्र आज जीप रँग्लर आणि लँड रोव्हर डिफेंडर या गाड्या भारतात केवळ ऑटोमॅटिकमध्ये मिळतात आणि अवघड वाटांवरची त्यांची क्षमता कोणी नाकारत नाही. जुन्या लोकांच्या सांगण्यातला आजही लागू पडणारा भाग वेगळा आहे: क्लच, गिअर आणि उतार यांचे नाते पायाला कळलेले असले की माणूस कोणत्याही गाडीत सुरक्षित राहतो. हे शिकायला मॅन्युअल अधिक उपयोगी पडते, हे मान्य करावे लागेल.

३. लो रेंज म्हणजे काय आणि गिअरबॉक्सच्या निवडीशी तिचा काय संबंध?

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. ‘फोर-एच’मधून (हाय रेंज) ‘फोर-एल’मध्ये (लो रेंज) गेल्यावर तेथील जादा गिअर जोडला जातो, चाके सावकाश फिरतात आणि त्यांचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. जिम्नीमध्ये हे प्रमाण सुमारे दोन आहे आणि थारमध्ये सुमारे अडीच.

जिम्नीचे उदाहरण घेऊन पाहू. मॅन्युअल जिम्नीत पहिला गिअर, लो रेंज आणि ॲक्सलचे प्रमाण यांचा गुणाकार सुमारे ३६ येतो, म्हणजे इंजिनाच्या ३६ फेऱ्यांना चाक एकदा फिरते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर मूळ मापाच्या टायरवर गाडी ताशी जेमतेम तीन किलोमीटर वेगाने सरकते; सोबत चालणारा माणूस तिला सहज मागे टाकतो. ऑटोमॅटिक जिम्नीत हाच गुणाकार सुमारे २५ येतो. उरलेली कसर चढावर टॉर्क कन्व्हर्टर भरून काढतो, उतारावर मात्र ती भरून निघत नाही. (उतारासाठी प्रश्न ८ पाहावा.)

लो रेंज नसलेल्या गाडीत चढावर क्लच सतत अर्धा दाबून ठेवावा लागतो आणि तो जळतो. म्हणून ज्यांची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे पण तिला ट्रान्सफर केस नाही, त्यांनी निःसंकोच टॉर्क कन्व्हर्टरचा पर्याय घ्यावा. आणि ज्यांचे बजेट ‘लो रेंजची मॅन्युअल’ किंवा ‘लो रेंजविना ऑटोमॅटिक’ या दोहोंपैकी एकाचेच आहे, त्यांनी पहिली घ्यावी. या एका बाबतीत माझ्या मनात कोणतीही शंका नाही.

४. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी याही ऑटोमॅटिकच ना? त्या चालतील का?

दोन पेडल असणे एवढेच त्यांचे साम्य आहे. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच; त्याचा क्लच आपल्या पायाऐवजी यंत्र दाबते. चढावर सावकाश सरकताना हे यंत्र क्लच अर्धवट लावून ठेवते, तो तापतो आणि अनेक गाड्या इशारा देऊन जोर तोडतात. कोरड्या क्लचच्या डीसीटीची, म्हणजे दोन क्लच असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्सची, तीच अडचण आहे. सीव्हीटीमध्ये पट्टा किंवा साखळी पुलीवर घट्ट आवळून जोर पोचवला जातो; चाक फिरता फिरता अचानक खडकावर पकड घेते तेव्हा बसणारा हिसका तिला मानवत नाही. शेतापर्यंतच्या कच्च्या रस्त्याला या सगळ्या चालतात. खडी चढण, खोल चिखल किंवा खडक असेल तर ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच, असे समजून चालावे. या पानावर पुढे ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

५. भारतात कोणत्या गाड्यांत दोन्हींपैकी निवड करता येते?

लो रेंजसह दोन्ही पर्याय देणाऱ्या ओळखीच्या गाड्या म्हणजे तीन दारांची महिंद्रा थार, पाच दारांची थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, मारुती जिम्नी, इसुझु व्ही-क्रॉस, टोयोटा फॉर्च्युनर आणि हायलक्स. फोर्स गुरखा केवळ मॅन्युअल आहे. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र बांधून फिरवणारी सोय) आहेत. कंपन्या व्हेरियंट वरचेवर बदलतात, त्यामुळे बुकिंगच्या वेळचे माहितीपत्रक पाहूनच निर्णय घ्यावा.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, नावावरून फोर बाय फोर गृहीत धरू नये: थार आणि स्कॉर्पिओ-एन या दोन्ही केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारांतही विकल्या जातात. दुसरी, एकाच इंजिनाचा जोर दोन्ही गिअरबॉक्ससोबत सारखा असेलच असे नाही. फॉर्च्युनरच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर आहे. पेट्रोल थारमध्येही मॅन्युअलला ३०० आणि ऑटोमॅटिकला ३२० असा फरक आहे. याउलट जिम्नीच्या ऑटोमॅटिकला चारच गिअर आहेत, तर मॅन्युअलला पाच. मॅन्युअल जिम्नी अधिक तरतरीत वाटते, ती यामुळेच.

६. मी ऑफ-रोडिंगमध्ये अगदी नवखा आहे. कशावर शिकावे?

शिकण्यासाठी मॅन्युअल आणि पहिल्याच पावसाळ्यात आत्मविश्वासाने जाण्यासाठी ऑटोमॅटिक, असे माझे मत आहे. नवखा चालक अडथळ्यासमोर एकाच वेळी स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि क्लच सांभाळू शकत नाही. त्यातला क्लच काढून घेतला की त्याचे लक्ष चाकाखालच्या दगडाकडे जाते. मात्र ऑटोमॅटिकची ही सोय चुका झाकतेही. जोर जास्त झाला तरी गाडी चढून जाते आणि आपण चुकीच्या वाटेने चढलो हे कळतच नाही. शक्य असल्यास पहिले धडे प्रशिक्षकासोबत घ्यावेत. महिंद्राने इगतपुरीजवळ अशा प्रशिक्षणासाठी स्वतंत्र मैदान उभारले होते, आणि अनुभवी गटांसोबत जाऊनही पुष्कळ शिकता येते.

७. खड्या चढावर कोणती गाडी सोपी जाते? मध्येच गाडी थांबली तर काय करावे?

चढ चढण्यापुरते बोलायचे तर ऑटोमॅटिक. फोर-एल लावावे, गिअर पहिल्यात किंवा दुसऱ्यात बांधून ठेवावा आणि एकसारखी रेस द्यावी. मध्येच थांबावे लागले तरी ब्रेकवर थांबून पुन्हा निघता येते. मॅन्युअलमध्ये लो रेंजचा पहिला किंवा दुसरा गिअर चढाच्या आधीच ठरवावा लागतो, कारण अर्ध्या चढावर क्लच दाबला की सगळा वेग तेथेच संपतो.

खरा प्रश्न चढ अपुरा राहिला तर काय, हा आहे. मॅन्युअलमध्ये इंजिन बंद पडले तर आधी ब्रेक घट्ट दाबावा आणि हँडब्रेक ओढावा. मग क्लच दाबून लो रेंजमध्येच रिव्हर्स टाकावा, इंजिन सुरू करावे, क्लच सोडता सोडता ब्रेकही हळूहळू ढिला करावा आणि क्लच पूर्ण सोडून इंजिनाच्या धाकात सरळ मागे यावे. क्लच दाबून मागे येणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण मग गाडीला धरणारे फक्त ब्रेक उरतात आणि ओल्या मातीत चाके लॉक होऊन गाडी आडवी होते.

ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून ‘आर’ टाकावा आणि तशाच प्रकारे मागे यावे. मात्र इंजिन चालू राहणे येथे अत्यावश्यक आहे. ते बंद पडले तर टॉर्क कन्व्हर्टर गाडी धरून ठेवत नाही, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही काही दाबांनंतर संपते. ‘डी’मध्ये असताना गाडी मागे सरकू दिल्यास इंजिन बंद पडण्याची शक्यता असते, त्यामुळे चढ जमत नाही असे दिसताच, गाडी मागे सरकायला लागण्याआधीच ब्रेक लावावा. दोन्ही गाड्यांत उतारावर आडवे वळून परतण्याचा मोह टाळावा.

८. उतारावर ऑटोमॅटिक धावत सुटते, हे खरे आहे का?

अंशतः खरे आहे. मॅन्युअल गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये टाकून दोन्ही पाय पेडलवरून काढून घेतले की डिझेल इंजिन स्वतःच्या कमीतकमी फेऱ्यांवर गाडीला पायरी-पायरीने खाली उतरवते. हे एकदा पाहण्यासारखे असते: गाडी दगडावरून खाली टेकते, इंजिनाचा आवाज किंचित चढतो, पुन्हा बसतो, आणि वेग जराही वाढत नाही. अशा वेळी ब्रेकला पाय न लावणे हेच कौशल्य असते, कारण चाके फिरत राहिली तरच स्टिअरिंग ऐकते.

ऑटोमॅटिकमध्ये कमी वेगाला कन्व्हर्टरमधले तेल घसरते, त्यामुळे तोच उतार ती थोड्या अधिक वेगाने उतरते. त्यावर उपाय तीन आहेत. गिअर ‘एल’वर किंवा मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यावर बांधावा, डाव्या किंवा उजव्या पायाने ब्रेकवर हलका, एकसारखा दाब ठेवावा, आणि गाडीत हिल डिसेंट कंट्रोल असेल तर ते लावावे. हे यंत्र प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे मारून वेग धरते. ब्रेक लावल्याचा कर्कश आवाज येतो, तो बिघाड नसतो. मात्र त्याचे सगळे काम ब्रेकवर चालते आणि लांब उतारावर ब्रेक तापतात, म्हणून ते लो रेंजची जागा घेऊ शकत नाही.

न्यूट्रलमध्ये उतार उतरणे दोन्ही गाड्यांत सारखेच धोक्याचे आहे, मग तो वरंध घाटातला डांबरी रस्ता असो किंवा धनगरवाड्याकडे जाणारी पायवाट.

९. चिखलात काय चांगले?

कोणता चिखल, यावर उत्तर अवलंबून आहे. कोकण आणि घाटमाथ्यावरची लाल माती वरून निसरडी असली तरी खाली बहुधा कठीण थर असतो. तेथे चाके फिरू न देता हळूहळू, कमी जोराने जावे लागते. नाजूक पायाने चालवल्यास ऑटोमॅटिक येथे उत्तम, कारण तिचा जोर हिसका न देता येतो. मॅन्युअलमध्ये पहिल्याऐवजी लो रेंजचा दुसरा गिअर वापरला की तोच परिणाम मिळतो.

मराठवाडा, विदर्भ आणि देशावरची काळी माती मात्र निराळी आहे. ती टायरच्या खाचांत घट्ट बसते, चाक गुळगुळीत होते आणि गाडीला तळ सापडत नाही. येथे वेग टिकवणे आणि चाके सतत फिरती ठेवून माती झटकत राहणे एवढाच मार्ग असतो. मॅन्युअलमध्ये मध्येच गिअर बदलण्याच्या अर्ध्या सेकंदात गाडी रुतते, तर ऑटोमॅटिक गिअर बदलताना जोर तोडत नाही. याउलट, ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये सोडली तर चाके फिरताना पाहून ती वरचा गिअर घेते आणि ऐन वेळी जोर कमी होतो. म्हणून गिअर दुसऱ्यात बांधणे आणि गाडी परवानगी देत असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) बंद करणे, या दोन गोष्टी आत शिरण्याआधी कराव्यात.

रुतलेली गाडी पुढे-मागे हेलकावून काढायची असेल तर ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’ आणि ‘आर’ यांच्यामध्ये चाके पूर्ण थांबू द्यावीत. फिरत्या चाकांवर ‘आर’ टाकणे म्हणजे गिअरबॉक्समधले क्लच जाळणे. तीन-चार प्रयत्नांत गाडी निघाली नाही तर फावडे घ्यावे किंवा दुसऱ्या गाडीचे टोचन लावावे.

१०. ओढ्यातून जाताना गिअरबॉक्सनुसार काय काळजी घ्यावी?

पाण्याची खोली, ओढ आणि तळ चालत जाऊन पाहणे हे दोन्हींसाठी समान आहे. गढूळ, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात कोणत्याच गिअरबॉक्सचा उपयोग होत नाही आणि तेथे परत फिरणेच योग्य. थारसाठी कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, ती साचलेल्या किंवा संथ पाण्यासाठी समजावी.

मॅन्युअलमध्ये पाण्यात असताना क्लच दाबू नये. दाबल्यावर प्लेटमध्ये पाणी आणि बारीक गाळ शिरतो, आणि नंतर क्लच घसरू लागतो. म्हणून काठावरच लो रेंजचा गिअर ठरवून एकाच गिअरमध्ये पलीकडे जावे. ऑटोमॅटिकमध्ये ही अडचण नसते. तिचा धोका नंतर दिसतो: तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आत हवा ओढतो आणि श्वासनळी (ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची नळी) खाली असेल तर हवेऐवजी पाणी आत येते. पाणी मिसळलेले तेल दुधट, गुलाबीसर दिसते. असे तेल दिसले तर गाडी चालवत घरी आणू नये, टोचन करूनच आणावी. पाण्यात नेहमी जाणाऱ्यांनी गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सलच्या श्वासनळ्या इंजिनाच्या वरच्या पातळीपर्यंत वाढवून घ्याव्यात.

११. वाळूत?

ऑटोमॅटिक, फारसा विचार न करता. वाळूत वेग तुटला की गाडी बसते, आणि मॅन्युअलमध्ये प्रत्येक गिअरला वेग तुटतो. अडकल्यावर क्लचवर निघण्याचा प्रयत्न केल्यास तो काही मिनिटांत वास मारू लागतो. जैसलमेरच्या वाळवंटात जाणारे तसेच दुबई-अबू धाबीला राहून सुट्टीत टेकड्यांवर जाणारे मराठी वाचक हे अनुभवाने जाणतात. टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवणे मात्र गिअरबॉक्सहून अधिक महत्त्वाचे आहे. लांब वेळ वाळूत चालवणार असाल तर प्रश्न १३ वाचावा.

कोकणच्या किनाऱ्यावर गाडी नेण्याविषयी अनेक जण विचारतात. नेऊ नये. गोव्यात त्यावर कायद्याने बंदी आहे, रायगड-रत्नागिरीतही पोलीस गुन्हे नोंदवतात, ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीत सापडते, आणि कासवांची घरटी त्याच वाळूत असतात.

१२. खडकांवर डावा पाय ब्रेकवर ठेवून चालवावे असे सांगतात. ते कशासाठी?

चाक दगडावर चढताना जोर लागतो आणि माथा ओलांडताच तोच जोर गाडीला पुढे आदळवतो. ऑटोमॅटिकमध्ये उजवा पाय हलक्या रेसवर आणि डावा ब्रेकवर ठेवला की चाक माथ्यावर आल्याक्षणी गाडी अडवता येते. सह्याद्रीच्या कातळावर पावसाळ्यात शेवाळ असते तेव्हा ही पद्धत गाडीची खालची बाजू वाचवते. मॅन्युअलमध्ये डावा पाय क्लचला बांधलेला असल्याने ती वापरता येत नाही. तेथे लो रेंजच्या पहिल्या गिअरवर विसंबावे लागते.

एक अडचण आधीच तपासावी. अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबल्यास संगणक इंजिनाचा जोर कमी करतो. मोकळ्या मैदानात, लो रेंजमध्ये करून पाहिल्याशिवाय ही पद्धत खडकावर वापरू नये.

१३. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो का?

होय. वाळूत, खोल चिखलात आणि लांब चढावर कन्व्हर्टरमधले तेल घुसळले जाते आणि ती सगळी ऊर्जा उष्णता बनते. हाय रेंजमध्ये जोर लावत राहणे हे तापण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. लो रेंज लावल्यास कन्व्हर्टरची घसर कमी होते आणि तेल थंड राहते. तापमानाचा दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागी उभी करावी, ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये इंजिन चालू ठेवावे आणि तेल कूलरमधून फिरू द्यावे. लगेच इंजिन बंद केल्यास तेलाचे फिरणेही बंद होते.

१४. दीर्घकाळात खर्च कशाचा जास्त?

खरेदीच्या वेळी ऑटोमॅटिकला बहुतेक मॉडेलमध्ये लाख-दीड लाख रुपये जास्त पडतात, मोठ्या गाड्यांत त्याहूनही अधिक. पुढचा खर्च चालवण्यावर ठरतो. मॅन्युअलची क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू आहे. हाफ क्लचवर चढ काढणारा चालक ती एका हंगामात संपवू शकतो. पण ती तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही बदलतो. ऑटोमॅटिक वर्षानुवर्षे काही मागत नाही, मात्र मागितले तर मोठी रक्कम मागते आणि काम शहरातच होते. ‘या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे सांगितले गेले तरी ऑफ-रोड वापरात ते ५०-६० हजार किलोमीटरच्या आत बदलून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

१५. रानात गाडी बंद पडली तर?

येथे मॅन्युअल स्पष्टपणे सरस आहे. बॅटरी उतरली तर तिला ढकलून किंवा उतारावर सोडून सुरू करता येते. ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट नाही. ऑटोमॅटिकचे टोचनही जपून करावे लागते, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही. ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल तर तो लावावा, पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाळावी आणि लांबचा पल्ला असल्यास गाडी क्रेनच्या सपाट पाट्यावर न्यावी. एकट्या गाडीने दूर जाणाऱ्यांनी ऑटोमॅटिक घेतली असल्यास जम्प स्टार्टर (उतरलेल्या बॅटरीला तात्पुरती वीज देणारे उपकरण) सोबत ठेवणे ही अट समजावी.

१६. लडाखला जायचे आहे. उंचीवर कोणती बरी?

टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) नसलेले इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावते. खारदुंग ला सुमारे ५,३६० मीटरवर आहे, म्हणजे तेथे जिम्नीचे इंजिन आपली चाळीस टक्क्यांहून अधिक ताकद गमावून बसलेले असते. अशा वेळी चढावर मॅन्युअल गाडी उचलताना क्लच जळण्याचा धोका मोठा असतो आणि चार गिअरांची ऑटोमॅटिक सुस्त वाटते. कच्च्या, निसरड्या चढावर निघण्यापुरते फोर-एल लावणे हा दोन्हींवरचा उपाय आहे. टर्बो डिझेलमध्ये ही तफावत बरीच कमी होते आणि तेथे ऑटोमॅटिक थकवा वाचवते.

१७. ‘पी’मध्ये ठेवूनही माझी गाडी उतारावर सरकली. असे कसे झाले?

ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिली असण्याची दाट शक्यता आहे. ‘पी’ गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्याला खुंटी लावून अडवतो. पण ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर तो दांडा चाकांना जोडलेलाच नसतो. फोर-एचमधून फोर-एलमध्ये जाताना दांडी अर्धवट राहिल्यास नेमके हेच घडते. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी केली असेल तरी नियम तोच आहे. म्हणून रेंज बदलताना गाडी सपाट जागी पूर्ण थांबवावी, ऑटोमॅटिकमध्ये ‘एन’ लावून आणि मॅन्युअलमध्ये क्लच दाबून दांडी शेवटपर्यंत न्यावी, दिवा स्थिर झाल्याची खात्री करावी. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग ‘पी’, आणि चाकामागे दगड.

१८. रोज पुणे-मुंबईच्या वाहतुकीत चालवायची आणि महिन्यातून एखाद्या रविवारी रानात जायचे. एकच गाडी घेणार आहे.

थार, रॉक्स किंवा स्कॉर्पिओ-एनसारखी टर्बो इंजिनाची, लो रेंजची गाडी असेल तर ऑटोमॅटिक घ्यावी. वापराचा बहुतांश भाग शहरात आहे आणि रानातही ती कमी पडत नाही. जिम्नी घेणार असाल तर माझा कल मॅन्युअलकडे आहे. कारण प्रश्न ३ आणि ५ मध्ये दिले आहे. घरातल्या कोणाचा डावा गुडघा दुखत असेल तर जिम्नीतही ऑटोमॅटिक घ्यावी आणि दुसरा विचार करू नये. याउलट, गाडी गावाकडे राहणार असेल, ट्रॉली ओढणार असेल किंवा जवळचे सर्व्हिस सेंटर अर्ध्या दिवसावर असेल तर मॅन्युअल घ्यावी.

१९. परवान्याचा काही प्रश्न येतो का?

भारतात मोटारीच्या परवान्यात असा भेद नाही. एकाच परवान्यावर दोन्ही चालवता येतात. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोमॅटिकवर परीक्षा दिल्यास परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. तेथे राहणाऱ्या आणि पुढे जुनी मॅन्युअल जीप घेण्याची इच्छा असणाऱ्या वाचकांनी हे आधी लक्षात घ्यावे.

२०. जुनी फोर बाय फोर घेताना गिअरबॉक्स कसा तपासावा?

मॅन्युअलमध्ये मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वरचा गिअर टाकून पूर्ण रेस द्यावी. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही तर क्लच संपलेला आहे. ऑटोमॅटिक थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत चालवावी. ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी उशिरा आणि हिसका देऊन जागी होत असेल तर ती सोडून द्यावी. तेल काढून पाहण्याची सोय असेल तर रंग आणि वास पाहावा: काळपट आणि करपलेले असल्यास गिअरबॉक्स तापलेला आहे, दुधट असल्यास प्रश्न १० मध्ये सांगितलेला प्रकार झाला आहे.

त्यानंतर कच्च्या जागी फोर-एच आणि फोर-एल दोन्ही लावून गाडी पुढे-मागे चालवावी. विक्रेता ‘आम्ही कधी वापरलेच नाही’ असे म्हणाला तर ही तपासणी अधिकच आवश्यक होते, कारण वर्षानुवर्षे न हललेली ट्रान्सफर केसची दांडी गंजून अडकते. खाली वाकून गिअरबॉक्सच्या आवरणावरचे खरवडलेले डाग, ओल्या तेलाच्या रेषा आणि श्वासनळ्यांची टोके पाहावीत. नळीच्या टोकाशी वाळलेला चिखल असेल तर गिअरबॉक्स आणि ॲक्सलचे तेल सौदा ठरण्याआधी विक्रेत्याच्या खर्चाने बदलून घ्यावे.